बसून पाहिले

साहेब, माझ्या सासूबाईंना तुम्ही पाडलंत.

हात लावून नाही. माझ्या सासूबाईंना हात लावून पाडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तुम्ही त्यांना लांबून पाडलंत. काचेच्या केबिनमधून, एक कोच, ढीगभर पिवळ्या चिठ्ठ्या आणि 'संस्कृती' हा शब्द वापरून पाडलंत. त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये आहे, त्या माझ्या घरी मुक्कामाला आहेत, आणि मी माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभ्याने हे लिहितोय. बसायची हिंमत होत नाही. का होत नाही, ते पुढे येईलच.

हे सगळं तुम्हाला तोंडी सांगून झालं. दर वेळी तुम्ही हसून "छान फीडबॅक आहे" म्हणालात. म्हणून आता चार लोकांत सांगतो.

तर लोकहो, आमची कंपनी खुर्च्या बनवते आणि मी त्यांच्यावर बसतो. एवढीच माझी नोकरी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, माझे सगळे नातेवाईक हसून दमलेत. मेहुणा भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय भावोजी, बसून बसून थकलात का?" लग्न ठरताना सासूबाईंना सांगितलं होतं की मुलगा 'क्वालिटी'मध्ये आहे. खरं काम कळल्यावर त्या बायकोला म्हणाल्या होत्या, "अगं, मग आपला कुत्रा काय वाईट होता? तोही दिवसभर बसतो."

पण बसणं वेगळं आणि बसून पाहणं वेगळं. आमच्याकडे खुर्ची दाबणारं यंत्र आहे. यंत्र सरळ दाबतं. माणूस आयुष्यात सरळ कधी बसलाय? तो धपकन बसतो, एका कुल्ल्यावर बसतो, मागे रेलून पुढचे पाय हवेत उचलतो. निघायची घाई असलेला पाहुणा टोकावर बसतो आणि न निघणारा पाहुणा पसरून बसतो. हे सगळे पाहुणे मी एकटा होतो, रोज. खुर्ची कुरकुरली की परत आत. नाही कुरकुरली, तर उलटी करायची आणि बुडाला लेबल लावायचं, 'बसून पाहिले'. त्याखाली माझी सही. सही मी नीट करतो, शेपटीसकट. माणसाची सही खुर्चीच्या बुडाशी असली तरी ती सहीच असते.

भानगड सुरू झाली माझ्या पोटावरून. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. डॉक्टर म्हणून मोकळे झाले, मनावर घेतलं बायकोने. घरात तेल, साखर आणि आनंद या तीन गोष्टी बंद झाल्या. पोट गेलं. मला वाटलं, बरं झालं. पण कारखान्यात लक्षात आलं की ज्या खुर्च्या माझ्याखाली खरं बोलायच्या, त्या आता गप्प राहतात. मी सही केलेल्या एका खुर्चीवर आमचा फोरमन डबा खायला टेकला आणि ती अशी किंचाळली की त्याचा घास घशात अडकला. फोरमन अंगाने दणदणीत आहे.

"तुझी सही आहे यावर," तो म्हणाला.

"मग तूच बसत जा ना माझ्या जोडीला."

"मला बसायला वेळ कुठाय? एखादा वजनदार माणूस माग साहेबाकडे."

एवढंच. एक वजनदार माणूस. बुडाने वजनदार. एवढी छोटी गोष्ट मागायला मी तुमच्या केबिनमध्ये आलो, साहेब, आणि माझं नशीब बघा, तुम्ही आदल्याच दिवशी कुठल्याशा हॉटेलातलं शिबिर करून आला होतात.

"साहेब, एक माणूस हवा होता."

"साहेब म्हणायचं नाही आता. नावाने हाक मारायची. आजपासून आपण सगळे सारखे."

मी प्रयत्न केला. जीभ टाळूला चिकटली. नंतर फोरमनने प्रयत्न केला, त्याला ठसकाच लागला. आम्ही सारखे झालोय हे आम्हाला पटत नव्हतं, कारण तुमची गाडी उभी करायची जागा तिथेच होती, सावलीत.

"आणि माणूस मागायचा नाही," तुम्ही म्हणालात. "समस्या मांडायची. उत्तर टीम शोधेल."

"उत्तर सापडलंय साहेब. वजनदार माणूस."

"उत्तर आधी आलं की टीमची वाढ खुंटते."

माझ्या शंका काढणाऱ्या तोंडावर दार बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी कोच आला. पायात पांढरेशुभ्र बूट. कोणता खेळ शिकवतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने सांगितलं की आपण आता अजाइल होणार, म्हणजे चपळ होणार. चपळ टीममध्ये मी, फोरमन आणि संस्कृतीवाल्या बाई. या बाई आधी एचआर होत्या. मग दारावरची पाटी बदलून 'लोक आणि संस्कृती' झाली. रजा मात्र पूर्वीइतक्याच नामंजूर होतात, आता फक्त नामंजूर करताना आधी 'तुला कसं वाटतंय' असं विचारतात.

चपळ होण्याची पहिली पायरी म्हणजे सकाळची सभा उभ्याने करायची. खुर्च्यांच्या कारखान्यात! डावीकडे खुर्च्या, उजवीकडे खुर्च्या, छतापर्यंत खुर्च्यांच्या थप्प्या, आणि मध्ये आम्ही सगळे गोल करून ताटकळत उभे, जसं काही कुणाचा तरी निकाल लागायचाय. प्रत्येकाने सांगायचं की काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा काय.

माझी पाळी आली. मी खरं ते सांगितलं. "काल बसलो. आज बसणार. अडथळा हा की इथे उभा आहे."

फोरमन फिस्सकन हसला. कोचने पिवळ्या चिठ्ठीवर 'नकारात्मकता' लिहून ती भिंतीला चिकटवली आणि माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. सभा पाच मिनिटांची असते म्हणे. आमची जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायची, कारण बाईंना प्रत्येकाचं मन जाणून घ्यायचं असायचं. तोवर खुर्च्या येऊन साठत. त्यांची मनं कोण जाणून घेणार होतं?

शेवटी जाहिरात निघाली. मी बाईंना सोपं वाक्य दिलं होतं, 'खुर्च्या तपासायला जाडजूड माणूस हवा.' बाईंचा चेहरा असा झाला जणू मी शिवी दिली.

"कोणाच्या शरीराचा असा उल्लेख आपल्या संस्कृतीत बसत नाही."

"मग काय लिहिणार?"

"वजनदार व्यक्ती. किती छान शब्द आहे."

छानच होता. जाहिरात लागली, 'वजनदार व्यक्ती हवी', आणि आमच्या फाटकावर वजनदार व्यक्तींची रीघ लागली. एक जण नगरसेवकाचा भाचा, दुसरा कुठल्या तरी संघटनेचा उपाध्यक्ष. तिसऱ्याने पहारेकऱ्याला "मला ओळखलं नाहीस?" असं विचारलं आणि पहारेकरी नाही म्हणाल्यावर कुणाला तरी फोन लावला. सगळे काडीपैलवान! त्यातल्या कुणालाही बसवून पाहिलं असतं, तरी खुर्चीला पत्ता लागला नसता. उपाध्यक्ष तर बसलाच नाही. तो म्हणाला, "मी बसणार नाही, मी बसवणार. कुणाला कुठे बसवायचंय ते सांगा."

मी बाईंना म्हटलं, शब्द चुकला. बाईंनी टीमचं मत घेतलं, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि शब्द बदलून केला 'भारदस्त व्यक्तिमत्त्व'. मग निवृत्त अधिकारी यायला लागले.

इकडे आमच्या शेजारच्या मास्तरांना सगळं कळलं. भिंत पातळ आहे आणि माझा आवाज मोठा. मास्तर निवृत्त झाल्यापासून चाळीस मुलांना द्यायचा सल्ला मला एकट्याला देतात.

"माणूस कशाला हवाय तुला? मांडीवर वाळूचं पोतं घेऊन बस. जेवढं पोट गेलं तेवढी वाळू. साधा हिशेब."

हिशेब मला पटला, हीच माझी चूक. पोतं घेऊन बसलो, धपकन बसायचं म्हणून धपकन बसलो, आणि पोतं फाटलं. वाळू सगळ्या फिरत्या खुर्च्यांच्या चाकांत. फोरमनने माझा असा उद्धार केला की माझ्या पूर्वजांना उचक्या लागल्या असतील. कोचने मात्र टाळ्या वाजवल्या आणि 'प्रयोगशीलता' अशी चिठ्ठी चिकटवली. दोन दिवस आम्ही चिमट्याने वाळू काढत होतो. तुम्ही काचेतून अंगठा दाखवलात, साहेब. वरचा अंगठा. पण मला तो ठेंगाच वाटला.

मास्तरांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी त्यांचा साडू पाठवला. आणि काय सांगू तुम्हाला! दारातून आडवा आत आला. शांत, घामेजलेला, प्रामाणिक चेहऱ्याचा, डोंगरासारखा माणूस. त्याची खानावळ होती, ती बसली होती. मी मनात म्हटलं, ज्याचा धंदासुद्धा बसतो, तो माणूस आपलाच. त्याला एका खुर्चीवर बसायला सांगितलं. तो बसला, थांबला, मान तिरकी करून म्हणाला, "मागचा डावा पाय रडतोय." मला मिठी मारावीशी वाटली. हात पोचले नसते.

"एवढी मुलाखत झाली की उद्यापासून या," मी म्हटलं. मूर्ख होतो.

मुलाखतीच्या खोलीत तुम्ही खुर्च्या ठेवल्या नव्हत्या. टेबल-खुर्चीने म्हणे माणसात उच्चनीचता येते. म्हणून मणी भरलेल्या रंगीत गोण्या जमिनीवर टाकल्या होत्या. खानावळवाले त्या गोणीत बसले ते बुडालेच. वर फक्त डोकं आणि गुडघे. समोर दुसऱ्या गोण्यांत बाई आणि कोच. मी आणि फोरमन नेहमीप्रमाणे उभे.

"तुम्ही झाड असता तर कोणतं असता?" कोचने विचारलं.

खानावळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"कोणतंही चालेल," ते म्हणाले. "खाली लोक टेकले म्हणजे झालं."

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"इथेच. बसलेला."

"बदल आला की तुम्ही काय करता?"

"कसला बदल?"

"कुठलाही."

"आधी बसतो. मग विचार करतो."

यापेक्षा चांगलं उत्तर कुणी दिलं असेल तर मला आणून दाखवा. पण कोच आणि बाईंनी एकमेकांकडे बघितलं. मुलाखत संपली. खानावळवाल्यांना गोणीतून उठता येईना. मी एक हात धरला, फोरमनने दुसरा, आणि बाहेर काढताना गोणी फाटून मणी पार जिन्यापर्यंत गेले. ती गोणी आमच्या कारखान्यातली नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

संध्याकाळी बाईंनी मला बोलावलं. "माणूस छान आहे. पण आपल्या संस्कृतीत बसत नाही."

"बाई, तो बसायलाच आला होता!"

"तसं नाही. चपळ वाटत नाही."

"खुर्चीवर बसायला चपळाई कशाला? उठायला लागते!"

"तुमचा राग समजतोय. कसं वाटतंय तुम्हाला?"

कसं वाटतंय ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी तेव्हाच गेली असती. खानावळवाले फाटकाशी थांबले होते. त्यांना निकाल सांगितल्यावर ते म्हणाले, "असू दे हो. गोणीतून काढलंत तेवढं पुष्कळ." तो माणूस मला समजावत होता. मला! घरी आलो तर मास्तर दाराबाहेर उभे. महिनाभर बोलले नाहीत. सल्ले बंद झाले, एवढाच या प्रकरणातला फायदा.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो.

खुर्च्यांचं नवं मॉडेल निघालं. नाव काय, तर 'चपळ'. भिंतीवरच्या फळ्यावर तीन रकाने होते, 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. तुम्हाला 'झालं' भरलेलं हवं होतं, बाहेरून कुणी बघायला येणार होतं. आणि तपासायच्या खुर्च्यांची थप्पी तर छताला टेकली होती, कारण एकटा हडकुळा मी, तोही अर्धा दिवस उभा. तेव्हा कोच म्हणाला, "टीमवर विश्वास ठेवूया. खुर्च्या आपणच बनवल्यात. म्हणजे आपण सगळ्यांनी मनाने बसून पाहिलंच आहे."

मनाने!

दुसऱ्या दिवशी बघतो तर लेबलं छापून आलेली. 'बसून पाहिले', आणि खाली माझी सही. छापील. शेपटीसकट. खुर्चीवर बसलं कुणी नाही आणि सह्या धडाधड लागतायत. मी सभेत ओरडलो. "अडथळा! माझा अडथळा! ही माझी सही आहे, काढा!"

"महत्त्वाचा मुद्दा आहे," कोच म्हणाला. "सध्या पार्किंगमध्ये ठेवू."

"गाडी नाही माझी, सही आहे!"

चिठ्ठी लागली. पंख्याच्या वाऱ्याने ती संध्याकाळच्या आत खाली पडली आणि कचऱ्यात गेली. मी केबिनशी आलो. तुम्ही म्हणालात, "सहीत एवढा जीव अडकवायचा नाही. काम टीमचं असतं." मग टीमची सही छापा, म्हटलं. तुम्ही हसलात. "तुमची जास्त सुबक आहे."

खुर्च्या गेल्या. कुठे कुठे गेल्या ते फोरमन सांगतो. दवाखान्याच्या बाहेर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, बँकेत रांगेच्या कडेला म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवतात तिथे. आणि 'झालं' भरलं म्हणून तुम्ही टीममधल्या प्रत्येकाला एक 'चपळ' बक्षीस दिलीत. फीत बांधून. मी नको म्हणालो, तर बाई म्हणाल्या, आनंद स्वीकारायला शिका.

खुर्ची घरी नेली, तोवर सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या. फीत सोडली. मी सवयीने आधी स्वतः बसायला गेलो. हात टेकतोय तोच बायकोने डोळे वटारले. "अहो, आई उभी आहे आणि तुम्ही काय बसताय?" कारखान्यात मी तपासनीस, घरात जावई. मी बाजूला झालो.

"बसा आई. आमच्या कंपनीची आहे. नवी."

"म्हणजे यावरही तुम्ही बसून पाहिलं असेल," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा कौतुकाने. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्या बसल्या.

खुर्ची खरंच चपळ होती. मागचा डावा पाय आधी गेला, मग सासूबाई गेल्या. आवाज झाला तो मनगटाचा होता हे नंतर कळलं. मी धावलो, बायको किंचाळली, भिंतीपलीकडून मास्तर महिन्याभराने बोलले, "काय झालं?" आणि सासूबाई जमिनीवर पडल्या पडल्या, वेदनेने ओठ दाबून, डोळ्यांसमोर आलेल्या खुर्चीच्या बुडाकडे बघत होत्या. त्यांनी वाचलं. मोठ्याने, एकेक अक्षर लावून.

"ब-सू-न पा-हि-ले." मग माझ्याकडे बघून, "जावईबापू, खाली तुमची सही आहे."

तेव्हापासून त्या इथेच आहेत. पडलेली खुर्ची त्यांनी टाकू दिली नाही. दिवाणखान्यात उलटी ठेवलीय. दूधवाला, शेजारीण, प्लास्टर बघायला येणारा जो कोणी, त्याला त्या आधी बूड दाखवतात. मेहुणा आला होता. त्याला इतकं हसू फुटलं की त्याला बसावं लागलं. जमिनीवर बसला. या घरात खुर्चीवर कुणी बसत नाही आता, मीसुद्धा नाही. उरलेल्या खुर्च्यांवरही माझ्याच सह्या आहेत.

तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मागे वळून बघण्याची सभा घेतलीत. दोष कुणाचाच नसतो म्हणे, शिकणं असतं. कोचने प्रत्येकाला चिठ्ठीवर आपल्या भावनेचा चेहरा काढायला सांगितला. मी सासूबाई काढल्या. बाईंनी त्यांच्यासाठी 'लवकर बऱ्या व्हा' असं कार्ड दिलं, सगळ्या टीमच्या सह्यांचं. बघा, टीमला सही करता येते! मी म्हटलं, सगळ्या 'चपळ' परत मागवा. तुम्ही म्हणालात, पुढच्या फेरीत बघू, सध्या यादीत वरची कामं आहेत. आणि जाता जाता बाईंनी मला सांगितलं की माझ्या पदाचं रूप बदलतंय, मला नव्याने मुलाखत द्यावी लागेल. दिली. गोणीत बसून दिली. मी झाड असतो तर कोणतं असतो, असं मला विचारलं. मी म्हटलं, बाभूळ.

निकाल काल आला. मी संस्कृतीत बसत नाही.

असू दे. पण गप्पही बसणार नाही. काल घरी येताना वाटेत त्या बँकेत शिरलो. रांगेच्या कडेला तुमची 'चपळ', तिच्यावर एक आजोबा काठी टेकवून बसलेले. मी म्हटलं, "आजोबा, उठा." ते म्हणाले, "का रे बाबा, तुला बसायचंय?" मी त्यांना उठवलं, खुर्ची उलटी केली, आणि नखाने माझी सही खरवडू लागलो. पहारेकऱ्याने दंड धरून मला बाहेर काढलं. बाहेरून काचेतून बघितलं, तर त्याने खुर्ची सरळ केली, झटकली आणि आजोबांना म्हणाला, "बसा."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, टोमणा येणार. त्यांनी बऱ्या हाताने ती मोडकी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमच्या साहेबाला एवढंच विचारा. तोंडी नको. लिहून."

म्हणून विचारतो. तुम्हीच म्हणाला होतात ना, साहेब, की आपल्याकडे नावाने हाक मारायची? मग मला टीम सांगू नका, संस्कृती सांगू नका, चिठ्ठी चिकटवू नका. एक नाव सांगा. ते आजोबा अजून बसलेत तिथे.

त्या खुर्चीवर बसून कुणी पाहिलं?